चार्लीच्या आईचं पुढे काय झालं?

"मॅडम, ते पुस्तक मी माळ्यावर टाकलंय," कोथरूडहून आलेली आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. अप्पा बळवंत चौकातून हौसेनं आणलेलं चार्ली चॅप्लिनचं चित्ररूप चरित्र. सात वर्षांचा लेक टोपी-काठीची सगळी पानं सोडून रोज एकच पान उघडायचा: आईपासून वेगळी केलेली दोन मुलं. रात्री रडायचा. एवढ्या लहान मुलांना असलं दुःख वाचायला द्यावं का, हे मला बरेच पालक विचारतात.

मी आधी चुकलेच. म्हटलं, राहू दे थोडे दिवस माळ्यावर. आठवड्यानं कळलं, पोरगा आता तेच चित्र वहीत काढतोय.

मग पुस्तक मागवून घेतलं. १८९६ साली गरिबीपायी आई, थोरला सिडनी आणि चार्ली लंडनच्या लँबेथ वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात गेले. चार्लीही तेव्हा सातच वर्षांचा. पुढे आई मनाच्या आजारानं इस्पितळात. इथवर पुस्तकात होतं. त्यानंतर स्टेज, सिनेमा, टाळ्या. आई एकाही पानावर नाही! आपण मोठी माणसं चार्लीबरोबर पुढे जातो, मूल आईपाशीच थांबतं. (१९११ साली मुलगी गेली तरी बालगंधर्वांनी 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला, ही गोष्ट म्हणूनच मी इतक्या लहानांना कर्तव्याचा धडा म्हणून सांगत नाही. त्यांना ती मुलगी दिसते.)

घरात कुणी आजारी होतं का, विचारलं. गेल्या पावसाळ्यात तिलाच डेंग्यू झाला होता. आठ दिवस ॲडमिट. मुलाला आजीकडे ठेवलं आणि सांगितलं, आई गावाला गेलीय.

म्हटलं, पुस्तक खाली काढा आणि राहिलेलं तुम्ही सांगा. १९२१ साली मुलांनी आईला अमेरिकेत आणलं. १९२८ मध्ये ती वारली, तोवर तिथेच होती. आणि त्या आठ दिवसांचंही खरं काय ते सांगून टाका.

पंधरा दिवसांनी आली. चार्लीच्या आईचं ऐकून तो नुसता "हं" म्हणाला होता. दवाखान्याचं सांगितल्यावर मात्र विचारलं, "मग फोन का नाही केलास?"

"मला वाटलं, तू रडशील."

"मी तसाही रडतच होतो."