सफारी रॅलीत पहिले चारही टोयोटाचे, मग कंपनीला गुण दोघांचेच का?

तुम्ही विचारलंय की वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमधल्या 2022 च्या केनियातल्या सफारी रॅलीत पहिल्या चारही नंबरांवर टोयोटाच होती, तरी मॅन्युफॅक्चरर्सच्या, म्हणजे ड्रायव्हरांच्या नव्हे तर कंपन्यांच्या, टेबलात कंपनीला फिनिशचे गुण दोनच गाड्यांचे कसे. सांजावचा, म्हणजे गोव्यातल्या सेंट जॉनच्या सणाचा, विकेंड होता तो, इथे मडगावात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि आमच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत हाच वाद चाललेला.

गुण बॉनेटवरच्या लोगोला मिळत नाहीत, रॅलीआधी टीमनं ज्यांची नावं नॉमिनेट केलीत त्यांच्यावर मिळतात. गावच्या फुटबॉल टुर्नामेंटला क्लब यादी देतो ना, यादीत नाव नसेल तर पोरगा त्याच वाड्यावरचा असला तरी त्याचा गोल क्लबच्या नावावर लागत नाही, तसंच हे. टीम जास्तीत जास्त तीन गाड्या नॉमिनेट करू शकते आणि त्यातल्या पुढच्या दोनच धरतात.

आता त्या दिवशीचं बघा. टोयोटाच्या मुख्य टीमचे ड्रायव्हर रोवानपेरा पहिला, एव्हान्स दुसरा, म्हणजे 25 आणि 18 गुण. तिसरा आलेला कात्सुता टोयोटाच चालवत होता पण त्याची एंट्री टोयोटा गाझू रेसिंग डब्ल्यूआरटी एनजी (डब्ल्यूआरटी म्हणजे वर्ल्ड रॅली टीम) या वेगळ्या टीमच्या नावावर, त्यामुळे 15 गुण त्या टीमच्या खात्यात गेले. चौथा ओजिए मुख्य टीमचाच, पण तिसरी गाडी, म्हणून तो हिशोबातून बाहेर. आणि इथेच खरी गंमत आहे, तिसरी गाडी बाहेर काढली की मागचा वर सरकतो, म्हणून पाचव्या आलेल्या ह्युंदाईच्या न्यूव्हिलला चौथ्याचे 12 मिळाले. पण कात्सुता दुसऱ्या टीमचा असल्यामुळे तो बाहेर निघाला नाही, तो मधे उभाच राहिला. तो नॉमिनेटेड नसता तर न्यूव्हिलला 15 मिळाले असते. म्हणजे दुसरी टीम मुख्य टीमला एकही गुण देत नाही पण समोरच्याचे गुण मात्र खाते, आणि मला स्वतःला हे पटत नाही. तीन गाड्यांची मर्यादा घातलीच आहे मोठ्या कंपनीनं पैशाच्या जोरावर टेबल भरू नये म्हणून, मग एकाच कंपनीची चौथी गाडी वेगळ्या नावानं का चालवून घ्यायची? ह्युंदाईनंही 2021 ला टू सी कॉम्पिटिशन नावानं हेच केलं होतं, म्हणजे एकट्या टोयोटाला बोलण्यात अर्थ नाही, नियमच तसा आहे.

आणि दोनतीन गुणांनी काय होतं असं म्हणू नका, 2024 ला शेवटच्या जपान रॅलीनंतर टोयोटा 561 आणि ह्युंदाई 558, तीन गुणांत मॅन्युफॅक्चरर्सचं टायटल ह्युंदाईच्या हातून गेलं, तेही ड्रायव्हर्स टायटल ह्युंदाईच्या न्यूव्हिलनं जिंकलेलं असताना.

सुरुवातीला असं नव्हतं. 1973 ला चॅम्पियनशिप सुरू झाली ती फक्त मॅन्युफॅक्चरर्सचीच, ड्रायव्हर्सचं टायटल 1979 पासून. तेव्हा प्रत्येक कंपनीची सगळ्यात पुढची एक गाडी धरायचे, मग ती कुणाची का असेना. 1973 लाच अमेरिकेतली प्रेस ऑन रिगार्डलेस रॅली वॉल्टर बॉइस या कॅनडाच्या खासगी ड्रायव्हरनं कोरोला घेऊन जिंकली, टोयोटाचा तो पहिला विजय आणि तो कंपनीच्या टीमनं नव्हे तर एका हौशी माणसानं मिळवून दिलेला, मला ही गोष्ट फार आवडते.

उलट आजच्या नियमात रजिस्टर करणारी टीम कार कंपनीच असायला हवी असंही नाही. 2017 चं मॅन्युफॅक्चरर्सचं टायटल माल्कम विल्सन यांच्या एम-स्पोर्ट या खासगी रॅली टीमनं स्वतःच्या नावावर जिंकलं, गाडी फोर्ड फिएस्टा होती तरी.

तुम्हाला पुढच्या वेळी हिशोब लावायचा असेल तर एंट्री लिस्टमध्ये गाडीचं मॉडेल बघू नका, ड्रायव्हरसमोर टीमचं नाव काय लिहिलंय ते बघा. 2025 ला सामी पायारी टोयोटातच होता पण टीम डब्ल्यूआरटी टू, म्हणजे पुन्हा तेच.