गोठ्यातली बुलेट आणि उन्हात तापलेला कंडेन्सर

पहिल्यांदाच जुनी मोटारसायकल दारात आणलेल्यांची पत्रं या वेळी खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांतून आली. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. पहिले चार कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटबद्दल आहेत, त्यामुळे तिथले आकडे ३५० सीसीच्या त्याच इंजिनाचे समजावेत.

आबांची १९८६ची बुलेट नऊ वर्षं गोठ्यात उभी होती. ताडपत्री काढली, पेट्रोल टाकलं. आता किक मारू का? (जामनेर)

अजून नाही. टाकलेलं पेट्रोलही काढून घ्या. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात आणि रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. अशात जोर लावला की रिंग तुटते, नाहीतर सिलिंडरला ओरखडा जातो. प्लग काढून त्या भोकातून १० मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवून पाहा. हललं नाही तर आणखी थोडं तेल सोडून आणखी दोन दिवस थांबा.

पुढचा मुद्दा तेलाचा. उभ्या बुलेटच्या ऑइल टँकमधलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. म्हणून टँकचा आणि क्रँककेसच्या तळाचा, दोन्ही ड्रेन बोल्ट उघडायचे. एकच उघडून नवं तेल भरलं तर आत तेल जास्त होतं, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून भसाभस बाहेर येतं आणि नवा मालक इंजिन गेलं म्हणून घाबरतो. फेल्टचा फिल्टर नवा घाला. २०डब्ल्यू५० तेल साधारण सव्वादोन लिटर बसतं, पण ओतताना डिपस्टिकवरची खूण बघत ओता.

पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून पाहा. लाल गंज दिसला तर कॉक काढून भोक बंद करा, टाकी पांढऱ्या व्हिनेगरने भरून दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कडक उन्हात वाळवा. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर बदलाच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा काळा गाळ जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत, जाऊन बसतो.

गाडी सुरू झाल्यावर आयडलवर असतानाच रॉकरला (हेडवर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या पाइपचा वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा. तेल पाझरलं तर पंप काम करतो आहे. मिनिटभरात काहीच आलं नाही तर इंजिन बंद करा आणि पंप उघडून घ्या.

सकाळी एका किकमध्ये सुरू होते. भर दुपारी धुळ्याहून निघालो की पारोळ्याच्या अलीकडेच बंद पडते. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा चालते. कार्बोरेटर तीनदा खोलून झाला. (धुळे)

कार्बोरेटर आता चौथ्यांदा खोलू नका. हा दोष गाडी थंड झाली की लपतो, म्हणून तपास बंद पडली त्याच जागी, इंजिन गरम असतानाच करायला हवा. सोबत एक चांगला प्लग, प्लगचा पाना आणि फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पात्या) ठेवा.

बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलं आहे. बारीक तारेने साफ करा, प्रश्न मिटला. तसं झालं नाही तर झाकण घट्ट लावा, प्लग काढून कॅपसह हेडला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून तो लांब धरा. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून किक मारताना आतल्या पॉइंटकडे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांकडे, पाहा. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल आणि त्यांची तोंडं जळून खड्डे पडले असतील, तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा, गेला आहे.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय त्याच्यावरच आहे. कंडेन्सर इंजिनाला चिकटून बसतो, त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा मे. हलक्या प्रतीच्या मालाचं आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं आणि थंड झाल्यावर पुन्हा धरतं. नवा कंडेन्सर बसवताना तो डिस्ट्रिब्यूटरमधून काढून टाकीखाली, प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलजवळ न्या. एक वायर कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला जोडा आणि त्याचं अंग रंग खरवडून चेसिसला घट्ट आवळा. विजेच्या दृष्टीने जोडणी तीच राहते, फक्त तो गरम जागेतून सुटतो. मात्र कंडेन्सर बदलूनही गरम झाल्यावर ठिणगी पिवळीच राहिली, तर कॉइल बदलून पाहा.

पॉइंट बारीक कानशीने सपाट करा, त्यातलं अंतर ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा आणि त्यानंतरच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायचा क्षण, लावा. हा क्रम उलटला तर मेहनत वाया जाते, कारण अंतर बदललं की टायमिंग सरकतं. पिस्टन कॉम्प्रेशनवर वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे असताना, अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं मिटलेली असताना, पॉइंट नुकते सुटले पाहिजेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ओढा. तो ज्या क्षणी सुटतो तोच तो बिंदू. गाडी गिअरमध्ये ठेवून मागचं चाक फिरवताना आधी थोडं मागे नेऊन मग पुढे आणा, नाहीतर गिअरमधली ढिलाई आकडा चुकवते. टायमिंग मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी इंजिन जास्त तापतं.

शेवटी प्लगचा रंग पाहा. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आहे. इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटर आणि हेडच्या सांध्यावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे, गॅस्केट बदला.

किक उलटी मारते, पाय सुजला. (भडगाव)

टायमिंग पुढे गेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर असं होतं. ते वरच्याप्रमाणे तपासा. पण बऱ्याचदा किक मारायची पद्धतच चुकलेली असते. चावी चालू करून अँपिअर मीटरकडे पाहत किक हळू दाबा. पॉइंट मिटलेले असताना काटा डावीकडे झुकतो आणि सुटले की मध्यावर येतो. तिथे किकही जड लागते. आता डिकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर दाबून किक अगदी थोडी पुढे न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण, खालपर्यंत जाणारी किक मारा. अर्धवट किक हीच पाय मोडणारी.

मुलाला खाली वाकलेलं हँडल, छोटं मडगार्ड, एकेरी सीट, कोन फिल्टर, एलईडी आणि मोकळा सायलेन्सर हवा आहे. (चोपडा)

मोकळा सायलेन्सर आणि कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा हवेचा फिल्टर) नको, यावर आम्ही ठाम आहोत. असा सायलेन्सर बेकायदा आहे. फिल्टरचा डबा काढला की जेट न बदलता मिश्रण पातळ होतं, आणि काळ्या मातीची धूळ कोन फिल्टरमधून सरळ सिलिंडरमध्ये जाते. मूळ डबाच ठेवा आणि उन्हाळ्यात फिल्टर दर ५०० किमीला झटका.

हँडल बदलता येईल, पण क्लच, अॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबली नव्या उंचीला जुळवून घ्या. गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आयडल वाढलं तर केबल ताणली जाते आहे. स्प्रिंगची एकेरी सीट बुलेटवर शोभते आणि बोल्टवर बसते. मडगार्ड कापू नका, दुसरं आणून बसवा. काढलेला प्रत्येक भाग, बोल्टासकट, चिठ्ठी बांधून गोणीत ठेवा.

एलईडी घेण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, हे बॅटरीवर पाहा. इंडिकेटर एलईडीचे केले तर फ्लॅशरही एलईडीचा लागतो. जुना फ्लॅशर इतक्या कमी करंटवर नीट उघडझाप करत नाही. हेडलाइटच्या जुन्या काचेत स्वस्त एलईडी बल्ब उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तिथे मूळ बल्बच ठेवा.

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता चेसिस कापणं किंवा मूळ रचना बदलणं चालणार नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद घ्या.

माझी राजदूत १९७२ची आहे. विंटेज नंबर घ्यावा का? (शहादा)

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. राजदूतवर रोज शेतात किंवा बाजाराला जायचं असेल तर साधी आरसीच दर पाच वर्षांनी नवी करून घ्या आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवा.