संध्याकाळची तल्लफ दुपारच्या डब्यात ठरते

या वेळी ज्या वाचक भगिनींनी प्रश्न पाठवला आहे, त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरी करतात, दोघांनाही काही किलो वजन उतरवायचे आहे आणि दोघांचेही दिवसभर सांभाळलेले पथ्य संध्याकाळी घरात पाऊल टाकताच कोलमडते. दुपारी बाराला कार्यालयात थोडेसे सॅलड, रात्री साडेआठला जेवण, आणि या दोहोंच्या मध्ये, अंगातला कोट काढण्याच्याही आधी, बिस्किटे, चिप्स किंवा मुलांनी डब्यात उरवलेला केक असे जे हाती लागेल ते. ‘मनावर ताबा राहत नाही, तेव्हा अशा वेळी चालतील असे काही आरोग्यदायी पदार्थ सुचवावेत,’ अशी त्यांची विनंती आहे.

पदार्थ पुढे सुचवले आहेतच. परंतु आपण कळवलेल्या दोन वेळा शेजारी-शेजारी मांडल्या, की मनाला दोष देण्याचे फारसे कारण उरत नाही. दोन जेवणांत साडेआठ तासांचे अंतर आहे आणि त्यातले पहिले जेवण म्हणजे नुसता पाला आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत दुपारचे जेवण कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे लवकर उरकले जाते आणि रात्रीचे घरच्या सवयीप्रमाणे उशिरा होते; त्यात वजन उतरवायचे ठरले, की कात्री लागते ती नेमकी दुपारच्या जेवणाला, कारण तिथे पाहायला घरचे कोणी नसते. मग संध्याकाळी सहाला जे घडते ती तल्लफ कमी आणि थकलेली भूक अधिक असते.

उपाशी शरीर मनाला कसे वळवते, याची सर्वांत ठसठशीत नोंद अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली केलेल्या प्रयोगात आहे. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले होते आणि सुमारे सहा महिने त्यांना पूर्वीच्या आहाराच्या साधारण निम्मे अन्न दिले गेले. या तरुणांना दिवसरात्र खाण्याचेच विचार येऊ लागले, ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, आणि निर्बंध उठल्यावर त्यांतील कित्येकांनी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ले. आपले पथ्य इतके कडक नाही, हे खरे; पण दिशा तीच आहे. दुपारी अर्धपोटी राहून वाचवलेल्या कॅलरी संध्याकाळी व्याजासह परत जातात.

म्हणून पहिली दुरुस्ती दुपारच्या डब्यात करावी. पालेभाज्या आणि काकडी-टोमॅटो खुशाल असू द्यावेत, परंतु त्यांच्यासोबत वाटीभर शिजवलेले कडधान्य, दोन अंडी, मासळी, चिकन किंवा टोफू यांपैकी काहीतरी ठोस असावे, आणि थोडे अख्खे धान्यही असावे. दुसरी दुरुस्ती वेळेची. मधले खाणे घरी पोहोचल्यावर करण्याऐवजी कार्यालयातून निघण्यापूर्वी, साडेचार-पाचच्या सुमारास, बसून खावे. भूक कडाडल्यावर कोणीही मनुष्य गाजर निवडत नाही. निवड शुद्धीवर असताना करावी लागते. रात्रीचे जेवण सातच्या आसपास आणता आले तर उत्तमच, पण ते सर्वांनाच जमते असे नाही आणि त्यासाठी घरात वाद घालण्याचे कारण नाही.

आता भूक आणि तल्लफ यांतला फरक. स्वतःला एवढेच विचारावे की, समोर उकडलेले अंडे किंवा साधे बिनसाखरेचे दही ठेवले तर आपण ते आत्ता खाऊ का? उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे आणि तिला खाऊ घालावे, त्यात अपराध वाटून घेऊ नये. ‘छे, मला चॉकलेटच हवे,’ असे उत्तर आले तर ती जिभेची मागणी आहे, आणि तिची वासलात वेगळ्या रीतीने लावावी लागते. या दोहोंवर एकच औषध चालत नाही. चॉकलेटची तल्लफ आलेल्या माणसाला गाजर दिले तर तो आधी गाजर खातो आणि मग चॉकलेट खातो.

भुकेसाठी काय निवडावे, हे ठरवताना प्रथिने, तंतू (फायबर) आणि पाणी या तीन गोष्टी पाहाव्यात. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ खाद्यपदार्थांची तुलना केली. प्रत्येक पदार्थ २४० किलोकॅलरी भरतील एवढ्या मापात खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते, याची त्यांनी नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३, संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, पॉपकॉर्नला १५४, अंड्याला १५० आणि क्रोसाँला अवघे ४७ गुण मिळाले. प्रत्येक पदार्थ खाऊन पाहणारे डझनभरच लोक होते आणि मोजणी दोन तासांपुरतीच होती, त्यामुळे हे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत; तरीही त्यांमागचे कारण सहज पटण्याजोगे आहे. २४० किलोकॅलरींत उकडलेले बटाटे पाव किलोहून अधिक बसतात, तर क्रोसाँ जेमतेम ६० ग्रॅम. पोटाला वजन आणि आकारमान कळते, वेष्टनावरचा आकडा कळत नाही. वजन उतरवायचे म्हणून ज्या बिचाऱ्या बटाट्याला घराबाहेर काढले जाते, तो उकडून, तेल-लोण्याशिवाय खाल्ला तर चांगला सोबती आहे. दोष बहुतेक वेळा तळणीचा असतो.

याच यादीत शेंगदाण्यांना ८४ गुण आहेत, म्हणजे पावापेक्षाही कमी, आणि हे पुष्कळांना धक्कादायक वाटेल. दाणे, बदाम, अक्रोड हे पौष्टिक आहेत यात शंका नाही. पण ३० ग्रॅम बदाम, म्हणजे साधारण २३ नग, सुमारे १७० किलोकॅलरी देतात आणि बरणीत हात घालून टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला त्या २३ नगांचा पत्ताही लागत नाही. माझे मत असे की, सुकामेवा एकटा खाऊ नये. एक मध्यम सफरचंद आणि मोजून दहा-बारा बदाम घेतले तर सगळे मिळून १८० किलोकॅलरींच्या आसपास होतात, चावायला वेळ लागतो आणि दोन तास निभावतात. सफरचंदाऐवजी त्याचा रस घेतला तर कॅलरी तेवढ्याच राहतात, तंतू मात्र जवळजवळ सगळे निघून जातात आणि पेला अर्ध्या मिनिटात रिकामा होतो.

पाणी निथळलेले, कमी चरबीचे, बिनसाखरेचे घट्ट दही १५० ग्रॅम घेतले, तर ९० किलोकॅलरींच्या आसपास सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात मूठभर बेरी किंवा अर्धे केळे कापून घालावे. फळांची चव असलेले तयार दही मात्र घेऊ नये, कारण त्यात बहुधा साखर घातलेली असते. दोन उकडलेली अंडी दीडशे किलोकॅलरींत १२ ग्रॅम प्रथिने देतात आणि डब्यात नेण्यास सोपी असतात, फक्त कार्यालयात सोलताना शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करावा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलाशिवाय फोडलेले तीन कप पॉपकॉर्न शंभर किलोकॅलरींच्याही आतच राहतात. चित्रपटगृहातले लोण्यात भिजलेले पॉपकॉर्न या हिशेबात धरू नयेत.

कुरकुरीत खाण्याची सवय असलेल्यांसाठी भाजलेल्या हरभऱ्यांइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा दिसत नाही. काबुली हरभऱ्यांचा ४०० ग्रॅमचा डबा आणला, तर पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम हरभरे उरतात. ते नळाखाली धुवावेत, त्यामुळे मीठही बरेच निघून जाते, आणि नंतर स्वच्छ कापडावर पसरून अगदी कोरडे होईपर्यंत टिपावेत. खरी मेख इथेच आहे: ओलसर हरभरे भट्टीत भाजले न जाता वाफवले जातात आणि चिवट होतात. चहाच्या चमच्याने एक चमचा तेल चोळून, ट्रेमध्ये एकाच थरात पसरून २०० अंश सेल्सियसवर ३० ते ४० मिनिटे भाजावेत आणि मध्ये एकदोनदा ट्रे हलवावा. तिखट आणि जिऱ्याची पूड बाहेर काढल्यावर, हरभरे गरम असतानाच लावावी, कारण आधी लावलेला मसाला करपून कडू होतो. एवढ्यात तिघांचे मधले खाणे होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२० किलोकॅलरी येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर ते मऊ पडतात, म्हणून एक-दोन दिवसांपुरतेच करावेत.

तल्लफेचा प्रश्न थोडक्यात. गोडाची तल्लफ असेल तर गोड खावे, पण मोजून, बशीत घेऊन आणि शक्यतो जेवणानंतर, जेव्हा पोट भरलेले असते. वीस ग्रॅम गडद चॉकलेट म्हणजे साधारण १२० किलोकॅलरी होतात. एवढे रोज ठरवून खाल्ले तरी बाकीचा आहार नीट असल्यास वजन उतरण्यास अडथळा येऊ नये. खजूर, मध आणि गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवण्याची प्रथा मात्र सोडावी; एका मोठ्या खजुरात ६० ते ७० किलोकॅलरी असतात. कृत्रिम गोडी हाही राजमार्ग नाही. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून तिचा वापर करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली आहे. त्याच संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांच्या खाली गेल्यास अधिक चांगले; दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दोन-दोन चमचे साखर घातलेले तीन कप चहा घेतले, की बिस्किटाला हात न लावताही जवळजवळ तेवढी साखर पोटात गेलेली असते.

पाकीटबंद ‘हेल्दी’ पदार्थांविषयी मी जरा साशंक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याला कारण आहे. वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात तयार होणारे, आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले; वाढलेल्या ताटांतील कॅलरी, साखर, चरबी आणि तंतू सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाऊ लागली, भरभर जेवू लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. तेव्हा प्रथिनांच्या वडीवरची (प्रोटीन बारवरची) मोठी अक्षरे सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; पहिल्या तिनांत साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल तर ती वडी म्हणजे मिठाईच आहे. युरोप आणि ब्रिटनमध्ये १०० ग्रॅममागचे आकडे द्यावेच लागतात, तेव्हा तुलना त्यांवरून करावी. १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम किंवा अधिक तंतू असतील तर ते प्रमाण चांगले. अमेरिकेत आकडे एका वाढपाचे (सर्व्हिंगचे) असतात आणि एका पाकिटात अशी अडीच वाढपे असू शकतात, मात्र तेथे वरून घातलेली साखर वेगळी लिहिलेली असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते, तिला ४.२ ने भागले की किलोकॅलरी मिळतात.

झोपेकडेही पाहावे. शिकागो विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) २८ टक्क्यांनी वाढलेले आणि तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. मायदेशी फोन करण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या खाखाचे कारण तेथेही शोधावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मधल्या वेळी हातपाय थरथरणे, घाम सुटणे असे होत असेल तर त्याला तल्लफ समजू नये. तत्काळ साखर तपासावी आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. गरोदर स्त्रियांनी व स्तनदा मातांनी वजन उतरवण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर अख्खे दाणे व बदाम त्याच्या हाती लागू देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, सासूबाई सध्या राहायला आल्या आहेत, त्यांनी सोबत आणलेला खाऊ रोज प्रेमाने पुढे करतात आणि नको म्हटले की हिरमुसतात, तेव्हा काय करावे. त्यांना नाही म्हणू नये. खाऊचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फडताळात ठेवावा आणि जेवणाच्या ताटातच, कोशिंबिरीशेजारी, त्यातले चमचाभर वाढण्याचे काम सासूबाईंकडेच सोपवावे. त्याचबरोबर दुपारचे हरभरे भाजण्याचेही त्यांना सांगून पाहावे. मसाल्याचे प्रमाण आपल्यापेक्षा त्यांना निश्चितच अधिक कळत असेल.