‘ब्वेनोस दिआस’: एका सकाळीला इतके दिवस कशाला?

प्रश्न असा आहे: ‘मोबाइलवर नुकतंच स्पॅनिश शिकायला घेतलंय. ब्वेनोस दिआस म्हणजे शुभ प्रभात, असं अ‍ॅप सांगतं. पण दिआ म्हणजे दिवस आणि दिआस हे त्याचं अनेकवचन. मग सकाळ गेली कुठे, आणि एकाच माणसाला एकाच सकाळी इतके दिवस कशाला?’

सकाळ त्यात नाहीच. सकाळीसाठी स्पॅनिशमध्ये ‘मान्याना’ हा वेगळा शब्द आहे (तोच ‘उद्या’ या अर्थानेही चालतो), पण अभिवादनात तो येत नाही. ‘ब्वेनोस दिआस’चा शब्दशः अर्थ ‘चांगले दिवस’, एवढाच. अनेकवचनाची कारणं दोन सांगितली जातात. एक, स्पॅनिशमध्ये शिष्टाचाराचे शब्द अनेकवचनात बोलायची सवयच आहे. आभाराचा ‘ग्रासिआस’ही अनेकवचनीच. दुसरं कारण मला जास्त आवडतं. हे एका जुन्या आशीर्वादाचं शेपूट तुटलेलं रूप आहे असं मानतात. पूर्ण वाक्य असं: ‘ब्वेनोस दिआस नोस दे दिओस’. देव आपल्याला चांगले दिवस देवो.

आता हे गोव्यातल्या ख्रिस्ती घरातल्या कोकणीशेजारी ठेवून बघा: ‘देव बरो दीस दिंव’. तीच प्रार्थना, आणि शब्दही लांबचे भाऊबंद. दिओस आणि देव, दे आणि दिंव, दिआ आणि दीस, यातल्या प्रत्येक जोडीतले दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटलेले. एक मात्र सांभाळा. ‘दिआस’मधला शेवटचा स अनेकवचनाचा आहे आणि ‘दीस’मधला स ‘दिवस’चा आहे. तेवढं साम्य योगायोगाचं.

उच्चार करताना द आपलाच ठेवा, दाताला जीभ लावून. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे गेलेले लोक ‘डियास’ म्हणतात, ते कानाला बोचतं. आणखी एक फायदा मराठी माणसाला फुकट मिळतो. दिवस पुल्लिंगी, दुपार आणि रात्र स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्येही दिआ पुल्लिंगी, तार्दे आणि नोचे स्त्रीलिंगी. म्हणून ब्वेनोस दिआस, पण ब्वेनास तार्देस, ब्वेनास नोचेस. चांगले दिवस, चांगल्या रात्री. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

‘नोचेस’पाशी मात्र मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. डिसेंबरातली संध्याकाळ, सातचा वर्ग, बाहेर अंधार. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, ‘ब्वेनास नोचेस!’ मी वही मिटून पिशवीत टाकली. वाटलं, आज सुट्टी. ‘ब्वेनास नोचेस’ निरोप घेतानाही चालतं आणि अंधार पडल्यावर कोणी भेटलं तरी चालतं. त्यामुळे त्याचं सरसकट ‘शुभ रात्री’ करू नका. तार्देसचंही घड्याळ वेगळं आहे. स्पेनमध्ये जेवायलाच दोन-तीन वाजतात, त्यामुळे घड्याळात बारा वाजून गेले तरी जेवण होईपर्यंत ‘दिआस’ म्हणणारे भेटतील. अर्जेंटिनात तर एकवचनी ‘ब्वेन दिआ’ सर्रास ऐकू येतं, म्हणजे तुमची शंका तिथे निकालातच निघते.

मग भाषांतर काय करायचं? ‘शुभ प्रभात’ हे मुळात इंग्रजीवरून बेतलेलं आहे, आणि ते फोनवरच्या फुलांच्या चित्रांवर शोभतं. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला आपण ‘नमस्कार’ म्हणतो, गावाकडे ‘रामराम’. कथेत स्पॅनिश म्हातारा ‘ब्वेनोस दिआस’ म्हणत असेल तर मी बिनदिक्कत ‘रामराम’ लिहीन. ‘ओला’ (लिहिताना आधी एक मुका ह असतो, तो उच्चारायचा नाही) मित्रांत ‘काय रे’, ‘काय गं’ होईल. ‘के ताल?’ म्हणजे ‘कसं काय?’ तिथला ‘के’ आपल्या ‘काय’चाच नातलग.

‘कोमो एस्तास?’ म्हणजे ‘कसा आहेस?’, हे तू-तुकारातलं. मोठ्यांना ‘कोमो एस्ता उस्तेद?’ उस्तेद हा ‘व्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, याचा झिजून झालेला शब्द. म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. ‘सरकार कसे आहेत?’ असं समोरच्यालाच विचारावं, तसं.

निरोपाचा ‘आदिओस’ म्हणजे ‘देवाकडे’. स्पेनमध्ये रस्त्यात समोरून येणाऱ्या ओळखीच्याला न थांबता ‘आदिओस’ म्हणून पुढे जातात; तिथेही आपला ‘रामराम’ चपखल बसतो, कारण तो भेटतानाही चालतो आणि निघतानाही. रोजच्या निरोपाला जास्त ऐकू येतं ते ‘आस्ता लुएगो’. शब्दशः ‘नंतरपर्यंत’. यातला ‘आस्ता’ अरबीतून आलेला. मराठीत मी त्याचं ‘येतो हं’ करतो.