ए काय म्हणाला, बी काय म्हणाला, सगळंच मिक्स होतं

एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली ती हेच घेऊन, की मॅडम बाकीचे पॅसेज जमतात पण कम्पॅरेटिव्ह रीडिंग, म्हणजे एकाच विषयावरचे ए आणि बी असे दोन छोटे पॅसेज, आलं की कोण काय बोललं तेच आठवत नाही, मग परत वर जाऊन वाचते आणि टाइम संपतो. माझी मेमरीच वीक आहे, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं.

हा प्रकार २००७ पासून आहे. आरसीच्या, म्हणजे रीडिंग कॉम्प्रिहेन्शन सेक्शनच्या, ३५ मिनिटांत चार सेट, त्यातला एक जोडीचा, आणि ए-बी मिळून लांबी साधारण एका पॅसेजएवढीच, म्हणजे लक्षात ठेवायला जास्त काही नसतंच! पण ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा, सेक्शन गेला, स्कोअर होणाऱ्या तीन सेक्शनमधला एक आरसी, त्यामुळे टेन्शन वाढलंय हे खरं.

मी लिहिलेली एक छोटी जोडी तिला दिली. ए म्हणतो, साक्षीदाराची आठवण बदलत जाते, पण तो खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःला खात्री असते, म्हणून उलटतपासणीत चूक पकडली जात नाही, सबब ज्यूरीला समजवायला तज्ज्ञ बोलवा, आणि पोलिसांनी ओळख परेडची पद्धतही बदलावी. बी म्हणतो, आठवण चुकते मान्य, पण चांगला वकील ते उलटतपासणीत दाखवू शकतो, तज्ज्ञ आणला तर ज्यूरी खऱ्या साक्षीवरही विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न होता, दोघांचं कशावर पटत नाही? तिनं लगेच टिक केलं, आठवणीवर भरवसा ठेवावा की नाही. का? तर एक विरुद्ध बोलतोय म्हणजे सगळ्यातच विरुद्ध असणार, असं तिनं धरलेलं. मी म्हटलं, प्रत्येक ऑप्शन घे आणि दोघांना वेगवेगळं विचार, हो की नाही. आठवण चुकते? दोघंही हो, म्हणजे भांडणच नाही. ओळख परेड बदलावी? ए हो, बी गप्प. इथे ती अडली, म्हणाली बी कशाला हो म्हणेल. अगं पण त्यानं म्हटलंय कुठे, गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, काट तो ऑप्शन. उलटतपासणीनं चूक उघडी पडते? ए नाही, बी हो. हे उत्तर.

खरा घोळ वाचतानाच होता. ती बी पॅसेज नवा विषय असल्यासारखा वाचायची. आता ए संपला की लेखकाचं म्हणणं एका ओळीत मनात बोलायचं, आणि बी वाचताना फक्त बघायचं की हा एच्या कुठल्या वाक्याला हात घालतोय. कधी विरोध असतो, कधी ए नियम सांगतो आणि बी एकच केस, कधी दोघांचं निष्कर्षावर एकमत पण कारणं वेगळी. रंगीत हायलायटरनं अख्खा पॅसेज रंगवून यातलं काही कळत नाही, मला तरी तो टाइमपासच वाटतो.

तिचे हो-नाहीचे प्रश्न आता पटापट सुटतात. दोन पॅसेजमधल्या नात्यासारखं नातं कुठल्या जोडीत आहे, हा प्रश्न अजून वेळ खातो, तो ती शेवटी ठेवते आणि वेळ नसेल तर अंदाजानं एक ऑप्शन मारून पुढे जाते, चुकलं तरी मार्क कापत नाहीत ना.