निम्मी फी माफ, पण किती वर्षं?

प्रश्न : मुलीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. एक तिच्या आवडीचं, पण शिष्यवृत्ती तुटपुंजी. दुसरं निम्मी फी माफ करतंय. आम्ही दोघं दुसऱ्याच्या बाजूचे, म्हणून ती रुसून बसलीय. अर्जही सगळे मीच भरले होते. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, निम्मी माफी किती वर्षं, ते आधी पत्रात शोधा. काही शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षापुरत्याच असतात. पुढे चालू राहणाऱ्यांना बहुधा गुणांची अट असते. एखादा विषय राहिला की सवलत बंद होऊ शकते, आणि तेव्हा कॉलेज बदलणं सोपं नसतं. शिवाय माफी फक्त शिकवण्याच्या फीत असेल, तर वसतिगृह, जेवण, पुस्तकं, प्रवास तुमच्याच खिशातून. दोन्ही कॉलेजांचा शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब एकाच कागदावर मांडा. म्हणजे, तिला मांडू द्या. आकडे स्वतः लिहिले की रुसवा उतरतो. निदान भांडण मुद्द्यावर तरी येतं.

आवडीच्या कॉलेजला मदत वाढवून मिळेल का, हे विचारायला हरकत नाही. घरचं उत्पन्न घटलं असेल तर तसे कागद जोडा. ते पत्र तिनंच लिहावं. तुम्ही शुद्धलेखन बघा, त्यापलीकडे हात आवरा (अवघड आहे, ठाऊक आहे मला!). आणि अर्जात ईमेल तुमचा दिला असेल, तर तो आजच बदलून तिचा द्या. प्रवेश निश्चित करण्याची शेवटची तारीख मात्र दोघींनीही लिहून ठेवा.