नव्या घरात राहायला आलो आहोत, मुलं लहान आहेत. बाग कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की घरामागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे, मुलं तीन आणि सहा वर्षांची, तुम्हा दोघांनाही नोकरी, आणि निम्मं सामान अजून खोक्यांतच आहे. आधी खोकी उघडा. बाग महिनाभर थांबेल.

आम्ही थांबलो नव्हतो. राहायला आल्यावर दुसऱ्याच रविवारी १४ रोपं आणली आणि अंधार पडेपर्यंत लावून टाकली. महिनाभरात कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवलं, खत वाढवलं, काही फरक नाही. शेवटी एक रोप उपटून तिथेच खणलं, तर वीतभर खाली कुदळ खणकन वाजली. विटांचे तुकडे, खडी, आणि घट्ट बसलेला सिमेंटचा थर. बांधकामाचा राडारोडा तसाच पसरून वर माती ओढलेली होती. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते. मग तिच्यात लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, आणि पानं अशी पिवळी पडतात. त्या १४ पैकी तीन रोपं जगली.

म्हणून रोपांच्या आधी पहार हातात घ्या. तीन-चार ठिकाणी फूटभर खोल खड्डे खणा, पाण्याने भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांनीही तसंच उभं दिसलं, तर तिथे निचरा नाही. खालचा थर जमेल तेवढा फोडा, राडारोडा वेचून काढा आणि वर उंच वाफा करा. मातीत काय किती आहे ते कळायला थोडी माती काचेच्या बरणीत घालून, पाणी भरून, खळखळून हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात खाली बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमातीला दिवसभर किंवा त्याहून जास्त. हे काम सहा वर्षांच्या मुलाकडे द्याच. आमच्या मुलीने बरणीवर पेनाने तीन रेघा मारल्या होत्या आणि शाळेतून आली की दप्तर न काढता आधी बरणी बघायची.

तोवर ऊन बघत राहा. सकाळी, दुपारी, चारच्या सुमारास सावली कुठे पडते ते कागदावर काढा. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावर येतात. टोमॅटो, मिरचीला किमान सहा तास लागतात. आणि मुलं कुठून पळतात तेही बघा. आमच्या धाकट्याने पंधरा दिवसांत मागच्या दारापासून नळापर्यंत तिरकी पायवाट पाडली होती, नेमकी मी वाफा आखला होता तिथून. मी वाफा हलवला.

पहिल्या वर्षी एकच वाफा करा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा. रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. पूर्ण कुजलेलं खतच घाला. कच्चं खत कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं. ओल्या चिखलात खणू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होऊ द्या. रोपं वर आली की दोन-तीन इंच पाचोळा पसरा, ओल टिकते आणि काही महिन्यांत गांडुळं दिसायला लागतात.

पहिलं बी मुळ्याचं पेरा. चार-पाच दिवसांत उगवतो, आणि लहान मुलांना तेवढाच धीर असतो. घर बदलल्यावर आमची मुलगी रोज झोपताना विचारायची, "आपण आपल्या घरी कधी जायचं?" माझ्याकडे उत्तर नसायचं. मुळे उगवले त्या संध्याकाळी तिने आजीला फोनवर सांगितलं, "माझ्या वाफ्यात बाळं आलीत." त्यानंतरही तो प्रश्न यायचा, पण कमी. संध्याकाळी कामावरून आल्यावर झारी घेऊन चौघांनी तिथे घालवलेली वीस मिनिटं, हीच आमची दिवसातली एकमेकांशी बोलायची वेळ झाली. तुम्ही बागेचं विचारलंत, पण मला सर्वांत जास्त हेच सांगायचं होतं.

तुमचं धाकटं तीन वर्षांचं आहे, म्हणून कण्हेर आणि डिफेनबेकिया (ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं शोभेचं झाड) सध्या लावू नका. कण्हेरीचे सगळेच भाग विषारी असतात. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते. पाण्याने भरलेली बादली किंवा टब बागेत कधीच सोडू नका, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

मोठं झाड लावायची घाई करू नका. सूर्याची वाट वर्षभरात सरकते, आज उन्हात असलेला कोपरा सहा महिन्यांनी भिंतीच्या सावलीत असेल. सगळे ऋतू एकदा बघून घ्या, सांडपाण्याचा पाइप जमिनीखालून कुठून जातो ते विचारून घ्या, आणि मग त्याच्यापासून आणि भिंतीपासून लांबची जागा झाडाला द्या.